गाडी ठेंगणी, रस्ता उंच

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसहून एका वाचकांचे पत्र आले आहे. विषय मोटारीचा असला, तरी पत्रात अर्धा प्रपंच आला आहे. घरात २००८ सालची स्विफ्ट आहे. चिरंजीवांनी ती दीड इंच खाली बसवून घेतली. पत्रलेखक म्हणतात, "गाडी झोकात दिसते, हे मलाही कबूल आहे. पण सौ.ला कंबरेचे दुखणे. महिन्यातून एकदा दारव्ह्यावरून यवतमाळला डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि परत आल्यावर ती दोन दिवस अंथरूण धरते. आता एस.टी.नेच जाऊ म्हणते. मुलगा म्हणतो, शॉकअप बदलले की सारे ठीक होईल. मिस्त्री म्हणतो, भारीतले टाका. खर्च करावा की न करावा?"

खर्च करावा; पण कशावर, ते आधी नीट समजून घ्यावे.

आपल्याकडे ज्याला सरसकट 'शॉकअप' म्हणतात, तो शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते, पुन्हा उसळते, पुन्हा दबते. पाळण्याला एकदा झोका दिला की तो आपोआप थांबत नाही. हाताने आवरावा लागतो. तो आवरणारा हात म्हणजे शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाच्या दट्ट्याला बारीक भोके व झडपा असतात. दट्ट्या सरकला की तेल त्या भोकांतून मुश्किलीने वाट काढते, हालचालीतील जोर उष्णतेत जिरतो आणि गाडी स्थिर होते. हा हात थकला की गाडी डोलते, इतकेच नव्हे, तर चाक रस्त्यावरून वारंवार उचलले जाते आणि ब्रेक दाबूनही गाडी लांबवर जाते. म्हणजे प्रश्न केवळ कंबरेचा नाही, जिवाचाही आहे.

आता गाडी ठेंगणी केली म्हणजे काय होते ते पाहू. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. पुढच्या बाजूला शॉकअपचा दांडा जवळजवळ तितकाच आधीच आत शिरून बसतो. खड्ड्यात चाक वर येण्यासाठी जी जागा होती, तीच कमी झाली. मग माणसे बसली, डिकीत सामान भरले, की उरलेली जागाही संपते आणि दांड्यावरचा रबरी ठोकळा आपटतो. बाईंच्या कंबरेला बसतो तो हा आपट. नवा, भारीतला शॉकअप ही जागा निर्माण करू शकत नाही. मिस्त्रींचा सल्ला इथेच लंगडा पडतो. चिरंजीवांचे म्हणणेही अर्धेच खरे आहे.

दुसरी चौकशी स्प्रिंगची करावी. खाली बसवण्यासाठी खास बनवलेल्या आखूड स्प्रिंगा टाकल्या आहेत, की मूळच्याच कापल्या आहेत? कापलेली स्प्रिंग कडक होते, तिचे टोक बैठकीवर नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर उचलली की ती सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून दाबलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट. पोलादाचे पाणीच उतरते. अशा स्प्रिंगेवर कोणताही शॉकअप बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

रस्त्याचाही विचार हवा. दिग्रसच्या बाजूची कापसाची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटा धरतो. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा, असे ठरले होते. २.३९ मीटर अंतराच्या दोन चाकांमध्ये असा उंचवटा आला, तर गणिताने गाडीच्या पोटाखालची जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर जागा तो खातो. पण गावोगाव मातीमुरुमाचे नि डांबराचे जे अरुंद उंचवटे लोक हौसेने घालतात, ते आपली सारी उंची पोटाला लावतात. या स्विफ्टची मूळ जागा सुमारे १७० मिलिमीटर. त्यातून ३८ गेले, वर पाच माणसांचे वजन. मग खालून खरखर ऐकू आल्यास नवल काय?

म्हणून आमचा पहिला सल्ला असा: उंची आधी ठरवा, शॉकअप मागाहून. रोजच्या वापराच्या, घरातील वडीलधाऱ्यांना नेण्याआणण्याच्या गाडीला मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि कंपनीच्या मापाचे शॉकअप, हाच उत्तम मेळ. चिरंजीवांची हौस अगदीच मोडायची नसेल, तर पाऊण इंचाच्या आत थांबावे आणि आखूड स्प्रिंगेबरोबर तिच्याच मापाचे, आखूड नळीचे शॉकअप एकाच संचात घ्यावेत. लांब शॉकअप आणि आखूड स्प्रिंग ही जोडी म्हणजे विजोड लग्न. कडक स्प्रिंगेला उसळताना जास्त आवरावे लागते. ते काम मूळचा शॉकअप पुरते करू शकत नाही आणि लवकर थकतो.

प्रकार दोन. एकात नळीत नळी असते; तो मऊ चालतो, स्वस्त असतो आणि घरगुती वापराला पुरेसा ठरतो. दुसरा एकाच नळीचा, भरपूर दाबाचा वायू भरलेला. तो तापला तरी ढिला पडत नाही, पण बहुधा कडक असतो आणि खर्चही जास्त. शर्यतीसाठी जो उत्तम, तो कंबरेसाठी उत्तम असेलच असे नाही. कमीजास्त करता येणारे संच घेतले, तर ते जुळवणारा जाणकारही जवळ हवा.

खरेदी बिलासह, ओळखीच्या दुकानातून करावी. नकली मालावर नाव खरे आणि आत तेल कमी, असा अनुभव येतो. हा माल आपल्या महाराष्ट्रातच बनतो. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा, एक जुना चालत नाही. वरची रबरी बैठक, बेअरिंग, ठोकळा आणि धूळझाकण त्याच वेळी पाहावे. पुढची स्प्रिंग योग्य शिकंज्याशिवाय उघडू देऊ नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. मागचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासून घ्यावा.

कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणून परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर कळवण्यात अर्थ नसतो.

दिवाळीच्या प्रवासापूर्वी घरच्या घरी एक तपासणी करावी. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक; दोनतीनदा डोलला तर शॉकअप थकला. नळीवर तेलकट ओल किंवा टायरवर जागोजागी झिजलेले पट्टे दिसले तर उशीर करू नका. आणि उंची किती ठेवायची, हे ठरवताना घरात ज्याची कंबर सर्वांत दुखरी, त्याचे मत आधी घ्या. दारात गाडी कशी दिसते यापेक्षा घरातली माणसे तिच्यात बसायला तयार होतात की नाही, हे महत्त्वाचे.