हुद्दा पाहून शिक्षा

परवा मेसमध्ये एका तरुण कॅप्टनने विचारलं, "सर, मॅनिंग गद्दार की हीरो?" मी म्हटलं, आधी शिक्षेचं बघ.

चेल्सी मॅनिंग अमेरिकन लष्करातली कनिष्ठ सैनिक, इराकमध्ये गुप्तवार्ता विभागात. २०१० मध्ये तिने लाखो कागद विकिलीक्सला दिले. बगदादमधल्या २००७ च्या हेलिकॉप्टर हल्ल्याचा व्हिडिओही दिला. त्या हल्ल्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मेले. हेलिकॉप्टरमधल्या कुणावरही खटला झाला नाही. कोर्ट मार्शलमध्ये 'शत्रूला मदत' हा आरोप टिकला नाही, तरी २०१३ मध्ये मॅनिंगला ३५ वर्षं झाली. ओबामांनी शिक्षा कमी केल्यामुळे ती सात वर्षांनी सुटली.

आता जनरल पेट्रेअस. अफगाणिस्तानात सेनापती असताना लिहिलेल्या, अतिगोपनीय मजकुराच्या आठ वह्या त्यांनी आपल्या चरित्रलेखिकेला दिल्या. वर एफबीआयशी खोटं बोलले. २०१५ मध्ये त्यांना काय मिळालं? दोन वर्षं प्रोबेशन, एक लाख डॉलर दंड. तुरुंग नाही.

न वाचलेले लाखो कागद बाहेर टाकणं मला मान्य नाही. माझ्या युनिटमध्ये असं झालं तर त्या जवानाला मीच कोर्ट मार्शलपुढे उभा करेन. पण मग वह्या देणाऱ्या जनरललाही त्याच तराजूत तोला!

कॅप्टन म्हणाला, "सर, मग जवानाला काही चुकीचं दिसलं तर त्याने जायचं कुठे?"

"सीओकडे."

"आणि चूक सीओचीच असेल तर?"

मी दालीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तो अजून वाट बघत होता.