जिमखान्याची किल्ली कोणाकडे?

सुप्याहून नगरला मी एस.टी.च्या पासावर कॉलेजात जात असे. दोन तासांच्या मध्ये कधी कधी दीड-दोन तास मोकळे मिळत. जिमखान्याच्या इमारतीत विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक खोली होती खरी. पण तिला कायम कुलूप. शहरातली मुले घरी जाऊन जेवून येत. आम्ही खेड्यापाड्यांतली पोरे स्टँडच्या बाकावर डबा उघडत असू.

हे आठवायचे कारण म्हणजे माझी भाची. तिच्या कॉलेजात आता जिमखान्याची डागडुजी करून वर एक मजला चढवायचा आहे. 'मामा, तूही एक पावती फाड ना!' म्हणाली. मी विचारले, 'नकाशा तुम्हा मुलांना दाखवला का?' ती हसली. 'आम्हाला कोण विचारतो?'

विचारायचे तरी कोणाला, हाही प्रश्नच आहे. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांतली मारामारी आणि पैसा यांना पालकही विटले होते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने हे दार पुन्हा किलकिले केले. २०१९ साली निवडणुका घ्यायचे ठरलेही. पण विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या आणि या लांबणीवर पडल्या. पालकांची भीती खोटी नव्हती. पण घरात भांडण होते म्हणून कोणी मुलांचे बोलणेच बंद करतो का?

केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांची वादसभा १८१५ साली सुरू झाली. तिला स्वतःची वास्तू मिळाली १८६६ मध्ये. म्हणजे आधी पन्नास वर्षे सभा, मग इमारत! आपल्याकडे उलटे. इतक्या दूर तरी कशाला जायचे? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात मुले स्वयंपाकासह सारी कामे स्वतः करत. जबाबदारी टाकली, की मुले ती उचलतात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मजला जरूर चढवा. पण आधी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलामुलींना बोलवा. त्या ग्रॅनाइटची फरशी मागणार नाहीत. डबा खायला टेबल, प्यायला पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, पुस्तके ठेवायला कप्पा आणि शेवटच्या एस.टी.पर्यंत उघडे राहणारे दार, एवढेच सांगतील. देखरेखीच्या समितीत निम्मी मुले घ्या आणि खर्चाचा हिशेब फळ्यावर लावा.

पावती मी फाडली. सोबत चिठ्ठी दिली : किल्ली मुलांकडे असावी.

'आणि त्यांनी हरवली तर?' घरात कोणीतरी विचारलेच.

हरवेलही एखाद्या वेळी. दुसरी करून घेता येते.