मृतसाठ्याचे रहिवासी

नांदेड-लातूरकडचा माणूस गळ टाकून मासे धरतो, असं सांगितलं की पुण्या-मुंबईचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “कुठं? वाघिणीत?” १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, त्या दिवसापासून लातूरचं नाव देशभर झालं आणि माझ्या छंदाची अब्रू गेली. कोकणातल्या माणसानं मासे धरले तर तो परंपरा जपत असतो. बंगाल्यानं धरले तर ती रसिकता. मराठवाड्यातला माणूस गळ घेऊन निघाला की मात्र याला ऊन लागलंय असं समजतात आणि त्याच्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात.

तेव्हा आधी पुरावा देतो. नांदेडच्या उशाला गोदावरीवर विष्णुपुरी आहे. ही आशिया खंडातल्या मोठ्या उपसा सिंचन योजनांपैकी एक, हे नांदेडकर पाहुण्याला चहा यायच्या आत सांगतो. कंधारकडे मानार आहे, लिंबोटी आहे. लातूरकडे या: मांजरा, तिरू, साकोळ, देवर्जन, घरणी, मसलगा. खुद्द कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातलं तळं आहे आणि त्याचं नाव जगत्तुंगसमुद्र. समुद्र! खरा समुद्र बघायचा तर अर्धा महिना बैलगाडी हाकावी लागणार, म्हणून या लोकांनी गावाशेजारीच एक करून घेतला. अशा मुलखात माणसाला गळ टाकावासा वाटला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

दुसरा आक्षेप जरा शिकलेल्या लोकांचा. ते म्हणतात, हा साहेबाचा खेळ. साहेबांच्या आयझॅक वॉल्टननं मासे धरण्यावरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली काढलं, हे कबूल. पण त्याच्या पाचशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं मन कसं रमवावं यावर त्यात वीस प्रकरणं आहेत आणि त्यातलं एक आहे मत्स्यविनोद. मासे किती जातींचे, कुणाला कसला घास आवडतो, काठी कशी, दोरी कशी, सगळं राजानं लिहून ठेवलंय. आणि ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. निलंग्याहून सकाळी निघालं तर बघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. म्हणजे खेळ आमच्याच शेजारचा. साहेब आमच्या मागून आला. (मत्स्यविनोद हा शब्द मला फार आवडतो. मासेही आणि विनोदही, दोन्ही न लागण्याची शक्यता सारखीच.)

पण मला भांडायचंय ते या मंडळींशी नाही. त्यांच्याशी भांडण चहाबरोबर सुरू होतं आणि चहाबरोबर संपतं. माझं खरं भांडण एका शब्दाशी आहे. त्या शब्दापर्यंत जायला मधे अमेरिका लागते, तिला नाइलाज आहे.

आमचा एक पुतण्या अमेरिकेत असतो. तिथं तो रविवारी तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा धरतो. धरतो, हातात घेऊन फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. त्याच्या काकूला हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. “सोडतो? मग धरतो कशाला?” या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर नाही. तिकडे रे स्कॉट नावाच्या गृहस्थानं बासवाल्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून धरलेला मासा जिवंत सोडायची चळवळ चालवली. त्या आधीचे लोक आपल्यासारखेच होते. बासचा विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या माणसाचा: २ जून १९३२, जॉर्जिया राज्य, बावीस पौंड चार औंस, म्हणजे आपला दहा किलोचा ऐवज. एवढा विक्रमी मासा त्यानं काय केला? घरी नेऊन खाल्ला. पुढं २००९ साली एका जपानी माणसानं त्याची बरोबरी केली, पण पेरीला मागं टाकणं अजून कुणाला जमलेलं नाही. पोटभर जेवलेल्या माणसाचा विक्रम असा टिकतो.

हा पुतण्या एकदा येताना माझ्यासाठी रबरी बेडूक घेऊन आला. पोकळ, हिरवा, पोटाखाली दोन आकडे लपवलेला, पाणवनस्पतीवरून सरपटत ओढायचा. बाससाठी बनवलेला. इथं बास नाही. इथं मरळ आहे. पण मरळीला तो बेडूक अमेरिकेचा आहे हे कळलं नाही. कळणार कसं? दोघांचा धंदा एकच: गवतात दबा धरून बसायचं आणि वरून काही हललं की झडप घालायची. कणकेच्या गोळीला रोहू येतो तो सरकारी नोकरासारखा, आधी वास घेतो, मग विचार करतो, मग निघून जातो. मरळ तसं करत नाही. पाणी फुटतं, काठी वाकते, तंगूस कापत जातं आणि रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली होती की नाही हे आठवेनासं होतं.

मरळीची थोरवी आमच्याकडच्या शाकाहारी माणसालाही ठाऊक आहे. मृग निघाला की हैदराबादला दम्याचं औषध घ्यायला लोकांची रीघ लागते. बोटाएवढी जिवंत मरळ तोंडात औषध भरून गिळायची. (शाकाहाऱ्यांना तेच औषध गुळात मिळतं. मरळ सुटते, दमा सुटतो की नाही हा वादाचा विषय.) पण माणसं मरळीची गोष्ट अर्धीच ऐकतात. हा मासा वरची हवा घेऊन जगू शकतो, ओल्या चिखलात तग धरतो. पिल्लं झाली की ती लालसर झुलक्यासारखी पाण्याच्या तोंडाशी फिरतात आणि आई-बाप खाली राखण करत असतात. त्या वेळी तिथं बेडूक टाकला तर मरळ हमखास येते, भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. तिथं गळ टाकणाऱ्याला आमच्या तलावावर कुणी चहा विचारत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, ही मरळ मे महिन्यात कुठं राहते हा प्रश्न. एप्रिलात तलाव आटत जातो, काठ फुटतो, भेगा पडतात, गाळपेराची पिकं उभी राहतात. आणि तलावातली झाडून सगळी वस्ती, मरळ, वाम, शिवडा, झिंगे, कासवं, सगळे हळूहळू खाली सरकत धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात गोळा होतात. या पाण्याला आपण काय म्हणतो? मृतसाठा.

भांडण आहे ते या शब्दाशी.

मृतसाठा म्हणजे धरणाचं जे सर्वांत खालचं दार, त्याच्या उंबऱ्याखालचं पाणी. ते कालव्यात जाऊ शकत नाही. गाळ बसायला जागा म्हणून ते धरलेलं असतं. इंजिनिअरनं शब्द काढला तो त्याच्या हिशेबानं बरोबरच होता. कालव्याच्या दृष्टीनं ते पाणी मेलेलं. मांजरा धरणात एकूण सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, त्यातलं ४७ मृत. जायकवाडीत मृतसाठा ७३८ दशलक्ष घनमीटर. एवढ्या मृत पाण्यात मांजराएवढी तीन धरणं तुडुंब भरून वर उरेल. वर्तमानपत्र जेव्हा ‘धरण शून्य टक्के’ छापतं तेव्हा त्या शून्यात एवढा ऐवज असतो. मग तेही उपसायला लागले की ‘उणे पाच टक्के’ छापतात. उणे पाणी! लहानपणी गणितात उणे आंबे आले तेव्हाच मला शंका आली होती की हे प्रकरण पुढं कुठंतरी नडणार.

एकदा एखाद्याला मृत म्हटलं की त्याच्या इस्टेटीवर सगळ्यांचे डोळे जातात. तसंच झालं. काठावर मोटारी बसतात. पाणी मागं सरकलं की पाइप पुढं सरकतो. पाइप पुरेनासा झाला की चर खोदला जातो. शेवटी डबकं उरतं, त्यात जाळं फिरतं, आणि जे उरलं ते बगळ्यांचं.

“माणसं तहानेनं मरायलीत आणि तुम्हाला माशांचं पडलंय व्हय?” हे मला तोंडावर विचारलेलं आहे, एका लग्नात, जिलेबी वाढता वाढता. उत्तर देतो. माणसाची तहान पहिली. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा लातूरलाच नव्हे, अंबाजोगाई, केज, कळंबलाही पाजतं. त्या वर्षी तळातलं शेवटचं पाणी माणसासाठी काढलं त्याबद्दल एक अक्षर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि मी बोलणार नाही. एखाद्या मरळीनंही तक्रार केली नसती. पण ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत आलं कसं, हे विचारायचा अधिकार तहानलेल्या माणसाला आहेच. जिवंत साठा कुणी प्याला? एवढा ऊस माणसं खात नाहीत, पण ऊस पाणी पितो, आणि तो उभ्यानं बारा महिने पितो. त्याला रेल्वेची वाट बघावी लागली नाही. तहानलेल्या माणसाच्या नावानं मोटार बसवायची आणि पाइपाचं दुसरं टोक सरीत सोडायचं, याला माझा विरोध आहे. घागर घेऊन आलेल्या बाईला माझा विरोध असेल कसा?

“पण पाऊस पडला की मासे येतातच की!” हा शेवटचा युक्तिवाद. येतात, बोटुकली येते. (माशाच्या बोटभर पिल्लाला हा शब्द सरकारी आहे यावर माझा अजून विश्वास बसत नाही. सरकारी कागदावर एवढा लाडका शब्द दुसरा नसेल.) २०१६ च्या सप्टेंबरअखेर पाऊस कोसळला आणि मांजरा भरलं. रेल्वेनं पाणी प्यालेल्या गावातले लोक धरणावर सहलीला गेले. सोसायट्या कटला, रोहू, मृगळ आणून सोडतात, तशी सोडली. पण मरळ कुणी पिशवीत भरून आणत नाही. ती मागल्या वर्षीच्या डोहातून वाचली तर असते, नाही तर ओढ्यानाल्यांतून आपली आपण येईपर्यंत नसते. आमच्या तलावावर सोसायटीचे एक मामा आहेत. मी गळ टाकतो तो त्यांच्या परवानगीनं. त्यांना मी विचारलं, “मामा, मरळ दिसेना औंदा?”

“दिसंल कशी, सर? बियाणं ठिवलंच न्हाई. ज्वारीचं ठिवतेत, मरळीचं कोण ठिवायलंय?”

मामांची चार पोटं या तलावावर चालतात. माझं काय, रिकाम्या हातानं गेलो तरी घरी वरण-भात असतो.

मागणी फार मोठी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा. तिथले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि ज्या महसीरसाठी शौकीन लोक हिमालयात जातात तो तिथं सुखानं फिरतो. त्याला ना कायदा लागला ना समिती. आपल्या प्रत्येक तलावात भिंतीजवळची सगळ्यांत खोल एक जागा अशी ठेवा. होळीपासून मृगापर्यंत तिथं मोटार नको, चर नको, जाळं नको आणि माझा गळही नको. देवी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एक पाटी लावा. फक्त त्या पाटीवर ‘मृतसाठा’ असं लिहू नका.

या आशयाचा अर्ज मी एका कार्यालयात रीतसर दिला. विषय: मृतसाठ्यातील जिवंत प्राण्यांबाबत. तिथल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला.

“मासे पाण्यात हायेत का भाईर?”

“पाण्यात.”

“पाणी आमचं, मासे आमचे न्हाईत. मासेवाल्यांकडं द्या.”

मासेवाल्यांकडं दिला. ते म्हणाले, मासे आमचे खरे, पण पाणी ठेवायचं म्हणता, ते आमच्या हातात नाही. त्यांनी मला पाणी पाजलं. बाटलीतलं, लांबच्या कुठल्यातरी गावचं. अर्ज सध्या दोन कार्यालयांच्या मधे आहे.

मृगाला अजून एकोणीस दिवस आहेत. मामांचा काल निरोप होता: डोहात अजून छातीइतकं पाणी हाय, पर काठावर दोन मोटारी नव्या आल्यात.