पाववाली आणि लोखंडी कात्री

मैत्रिणींनो, रस्त्यात अपघात दिसला की आपण काय करतो? खरं सांगू? घोळक्यात उभ्या राहतो, "अगंबाई, कुणाचा गं हा?" म्हणतो, आणि कुकर लावायचा आठवून घरी येतो. मीही तेच केलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर एक स्कूटरवाला पडला. चौघांनी हातपाय धरून त्याला उचललं आणि रिक्षात कोंबलं. त्याची मान लोंबत होती. मी भाजीची पिशवी घेऊन नुसती बघत होते. ती मान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आज हे आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असते. यंदा सुटीत ती आणि जावई कांगारू बेटावर गेले. बेट म्हणजे टीचभर जागा अशी माझी समजूत. पण हे आपल्या मुंबईच्या सातपट मोठं, आणि वस्ती मात्र जेमतेम पाच हजार! मोटारीसकट बोटीत चढायचं, पाऊण तासात पेनेशॉ गावी उतरायचं. पुढे बहुतेक रस्ते बिनडांबरी, वर सुटी खडी. ब्रेक जोरात दाबला की गाडी घसरलीच. त्यातून तिन्हीसांजेला कांगारू उड्या मारत आडवे येतात. म्हणून पाहुण्यांना सांगतात, दिवेलागणीनंतर गाडी काढू नका.

अशाच एका संध्याकाळी यांच्या पुढची मोटार घसरून झाडावर आदळली. चालवणाऱ्या बाईंचे पाय आत अडकले. फोन केला, मदतीची गाडी आली, आणि भाची बघतच राहिली. हेल्मेट घालून उतरलेल्यांपैकी एक सकाळी यांना पाव देणारी दुकानदारीण होती!

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यांत हे काम सरकारी अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांकडे असतं, पण त्यांतली बहुतेक माणसं बिनपगारी. कुणी शेतकरी, कुणी मास्तरीण. निरोप आला की ताटावरून उठायचं. (ते ताट झाकून ठेवणारं कुणीतरी घरात असतंच. त्याचं नाव कुठल्या यादीत येत नसेल, नाही का?) भंगारातल्या मोटारी कापून कापून ही मंडळी हात बसवतात. २०१९-२० च्या वणव्यात जवळजवळ अर्धं बेट होरपळलं, तेव्हा आगीशी झगडायलाही गावोगावचे असेच स्वयंसेवक होते.

भाचीला नवल वाटलं ते त्यांच्या सावकाशीचं. कुणी बाईंना ओढलं नाही. आधी चाकांना अडणी लावली, गाडी हलू नये म्हणून खाली ठोकळे सरकवले, बॅटरीची तार काढली. बाईंच्या अंगावर जाड पांघरूण घातलं, मगच काच काढली. आमची पाववाली मागच्या सीटवर शिरली, दोन्ही हातांनी बाईंचं डोकं धरून बसली आणि बोलत राहिली. कुत्र्याबद्दल, उद्याच्या पावाबद्दल. बाई तिच्या रोजच्या गिऱ्हाईक! एवढ्याशा वस्तीत अडकलेलं माणूस ओळखीचं निघायचंच. हात कापून कसं चालेल? मग तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या कात्रीनं दाराचे खांब कापले आणि बाईंना पाठीचा कणा न वाकवता बाहेर घेतलं. किंग्स्कोटला इस्पितळ आहे, पण फार गंभीर जखमींना विमानानं अ‍ॅडलेडला न्यावं लागतं.

आपल्याकडे ती कात्री नाही, ठीक आहे. पण डोकं धरून बसायला कात्री कशाला हवी? आधी ११२ किंवा १०८ ला फोन करायचा आणि जागेची नेमकी खूण सांगायची. किल्ली फिरवून गाडी बंद करायची. आग किंवा तसाच धोका नसेल तर माणसाला हलवायचं नाही, डोक्यावरचं हेल्मेट खेचायचं नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरायची, ओढणीही चालेल. आणि आपली ती सवय, "पाणी पाजा, पाणी पाजा!" पाजायचं नाही. शुद्ध नीट नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं.

पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती मलाही होती. आमच्या ह्यांनी कायदा दाखवला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घातलं गेलं. चांगल्या हेतूनं मदत करताना काही बरंवाईट झालं तरी मदत करणाऱ्याला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, आणि नावगाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. हे मला त्या दिवशी मंडईत ठाऊक असतं तर!

त्या बाईंचा एक पाय मोडला होता, बाकी ठीक. भाची परतीच्या वाटेवर मुद्दाम पाव घ्यायला गेली, तर दुकानाला कुलूप. पाववाली पुन्हा कुठेतरी धावली असावी.

लोणच्याला बुरशी आल्याची तक्रार करणाऱ्या तिघींना उत्तर पुढच्या अंकात.