आमवातातील मेथोट्रेक्झेट आणि वैद्यांचे दायित्व

आमवात या व्याधीचे स्वतंत्र व सविस्तर निदान माधवकराने सांगितले. आम आणि वात यांचा एकाच वेळी होणारा प्रकोप, संधिस्थानी शोथ, विंचू डसल्यासारखी वेदना, अग्निमांद्य, अरुची, अंगमर्द व ज्वर हे त्याने रेखाटलेले चित्र आणि आधुनिक वैद्यकातील ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांतील साम्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. चक्रदत्ताने घालून दिलेला लंघन, स्वेदन, तिक्त-कटु-दीपन द्रव्ये, विरेचन, स्नेहपान व बस्ती हा चिकित्साक्रमही आपल्या नित्य व्यवहारातला आहे. त्याविषयी या अंकांतून वेळोवेळी लिहिले गेले आहेच. प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे. आज आपल्याकडे येणारा आमवाताचा रुग्ण क्वचितच कोऱ्या पाटीने येतो. त्याच्या पिशवीत आधीपासूनच गोळ्यांचे पाकीट असते व त्यात बहुधा मेथोट्रेक्झेट असते. या गोळीच्या बाबतीत वैद्याने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार आपल्या व्यासपीठावर व्हावा तितका झालेला नाही.

प्रचलित भूमिका अशी की, ‘ती गोळी आधी बंद करा, मग माझे औषध सुरू करू.’ हे वाक्य अनेक चिकित्सालयांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यामागे काही विचार असेल असे वाटत नाही. माझे मत याच्या नेमके विरुद्ध आहे. मेथोट्रेक्झेट घेणारा रुग्ण आपण स्वीकारला, की ते औषध तो सुरक्षितपणे घेत आहे किंवा नाही हे पाहण्याची जबाबदारी अंशतः आपल्यावरही येते. ते आपण लिहून दिलेले नाही, या सबबीने ती टळत नाही.

या औषधाच्या जन्मकथेत आपल्या शास्त्राशी जोडणारा एक धागा आहे, तो जाता जाता सांगतो. फॉलिक अॅसिडला विरोध करणाऱ्या द्रव्यांचे संशोधन अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेस जाण्यापूर्वी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शारीराचे अध्यापक होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्तकर्करोगात वापरले व त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्झेट हे त्याच कुळातील. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी अमेरिकेत त्यास १९८८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली व आज या व्याधीत बहुतेक ठिकाणी प्रथम तेच योजले जाते. ‘हे कॅन्सरचे औषध आहे’ असे सांगून रुग्णास घाबरविणाऱ्यांनी मात्रेचा भेद ध्यानी घ्यावा. कर्करोगात जी मात्रा शेकडो, प्रसंगी हजारो मिलिग्रॅमच्या घरात जाते, ती आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम इतकीच असते.

आठवड्याला! सारा धोका या एका शब्दापाशी आहे. आपल्या रुग्णास गोळी म्हटली की सकाळ-संध्याकाळ ठाऊक असते. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची गोळी त्याच्या कल्पनेत बसत नाही. त्यातच सोबत फॉलिक अॅसिडची गोळी दिलेली असते. दोन्ही गोळ्या लहान, अनेकदा पिवळसर, आणि बाजारातील काही नावे तर एकाच अक्षराने सुरू होणारी. म्हणजे जी एकदाच घ्यायची ती रोज आणि जी अधिक वेळा चालते ती एकदा, अशी अदलाबदल होण्यास वेळ लागत नाही. हा प्रमाद केवळ आपल्याकडचा नव्हे. युरोपीय औषध नियामक संस्थेस २०१९ मध्ये याकरिता स्वतंत्र उपाययोजना जाहीर कराव्या लागल्या. औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असल्याची ठळक सूचना वेष्टनावर असावी, हा त्यांतील एक भाग होता.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ग्रामीण भागातून एक पन्नाशीच्या बाई आल्या. तक्रार मुखपाकाची. जीभ, ओठ, गाल आतून सोललेले, अन्न गिळणे अशक्य, दोन दिवस ज्वर. पित्तप्रकोप समजून ज्येष्ठमध, कामदुधा, गुलकंद हे सर्व आधी कोणीतरी देऊन झाले होते. पिशवी उलटी करावयास सांगितल्यावर मेथोट्रेक्झेटची पट्टी निघाली. तिच्यावर पेनाने ‘१-०-०’ असे लिहिलेले होते व नऊ गोळ्या संपल्या होत्या. बाई ती रोज सकाळी चहानंतर घेत होत्या. त्याच दिवशी त्यांना मोठ्या रुग्णालयात धाडले. श्वेतकण अतिशय घटलेले आढळले. फोलिनिक अॅसिडची इंजेक्शने व इतर उपचार झाले आणि त्या वाचल्या. मुखपाकासाठी आणखी आठ दिवस कामदुधा दिली असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या रुग्णाचा मुखपाक हा वेगळे निदान सिद्ध होईपर्यंत रक्तनिर्मितीवरील आघाताचा सूचक मानावा. कोरडा कास व श्वास यांना केवळ वातज कास मानून सितोपलादी देऊ नये. फुप्फुसाचा दाह हा या औषधाचा विरळा परंतु गंभीर उपद्रव आहे. ज्वर, घसादुखी, त्वचेवर अकारण उठणारे रक्ताचे ठिपके, कावीळ यांपैकी काहीही दिसल्यास पुढील गोळी थांबवून त्याच दिवशी मूळ डॉक्टरांशी बोलावे. ‘बंद करा’ हे म्हणण्याचा आपल्याला अधिकार असलाच तर तो एवढ्यापुरता आहे.

आता आपल्या चिकित्सेकडे वळू, कारण खरी चर्चा इथे व्हावयास हवी. मेथोट्रेक्झेट मुख्यत्वे वृक्कांवाटे बाहेर टाकले जाते. शरीरातील जलांश घटला की वृक्कांचे कार्य मंदावते आणि औषध रक्तात अधिक काळ रेंगाळते. आमवातात आपण काय करतो? लंघन करवितो, रुक्ष स्वेद देतो, एरंडस्नेहाने विरेचन देतो. शास्त्रदृष्ट्या हे उचितच आहे. परंतु ज्येष्ठ मासात, घाम गाळणाऱ्या साठीच्या रुग्णास सोमवारी गोळी व मंगळवारी विरेचन असा योग जुळून आला, आणि त्याच्या क्रिएटिनिनची नोंद आपण पाहिलेली नसली, तर निर्माण होणाऱ्या विषाक्ततेस कोण उत्तरदायी? तीव्र शोधन करावयाचे असल्यास त्या आठवड्याची मात्रा पुढे ढकलावी किंवा कसे, हे मूळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि वृक्कांचे कार्य उणे असेल तर शोधनाचा मोह आवरून शमनावर राहावे. रुग्ण अतिसार वा छर्दीने बेजार असेल तेव्हाही हाच विचार लागू पडतो.

दुसरी बाब आसवारिष्टांची. मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यास मद्य वर्ज्य सांगितलेले असते आणि आपण त्याच रुग्णास अमृतारिष्ट, दशमूलारिष्ट वीस-वीस मिलिलिटर दोन वेळा देतो. स्वयंजनित मद्यांश दहा टक्के धरला तरी दिवसाला चार मिलिलिटर मद्य पोटात जाते. ही मात्रा अल्प आहे, तिचा बाऊ करू नये. पण यकृताची एन्झाइमे वाढलेली असतील तेथे अरिष्टाऐवजी तीच द्रव्ये क्वाथरूपाने देण्यास काय प्रत्यवाय आहे? क्वाथ करण्याचा रुग्णास कंटाळा असतो, हे एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही.

गुळवेलीविषयी लिहिणे काहींना रुचणार नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन करणाऱ्या काही रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नव्हती, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असा तो युक्तिवाद होता. तो युक्तिवाद मान्य केला तरी प्रश्न आपल्याकडेच परत येतो: आपल्या रुग्णाच्या हाती पडणारी गुळवेल कोणत्या जातीची, हे आपल्यापैकी किती जण खात्रीने सांगू शकतात? यकृतावर आधीच भार टाकणारे औषध चालू असताना गुडूची द्यावयाची असेल तर ओळख पटलेल्या वेलीचीच द्यावी, आणि एसजीपीटी आधी व महिन्याने पाहावे. भल्लातक, तसेच सोमल, मनःशिला, हरताल यांनी युक्त समीरपन्नगासारखे कल्प या रुग्णांत मी वापरीत नाही.

मिश्र चिकित्सा करणाऱ्या सदस्यांसाठी एकच सूचना, पण तातडीची. मूत्रदाह वा अतिसारासाठी सहज लिहिली जाणारी कोट्रायमोक्झाझोलची गोळी मेथोट्रेक्झेटसोबत देऊ नये. दोन्ही फॉलिक अॅसिडच्या मार्गातच अडथळा आणतात आणि या संयोगाने अस्थिमज्जेचे कार्य कोलमडल्याची उदाहरणे आहेत. वेदनाशामके वाढवितानाही क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज वाढवू नयेत.

‘बंद करा’ या सल्ल्याकडे पुन्हा येतो. मेथोट्रेक्झेटचा गुण येण्यास चार-सहा आठवडे, पूर्ण गुणास तीन महिनेही लागतात. दुसऱ्या महिन्यात कंटाळलेला रुग्ण आपल्याकडे येतो, गोळीसोबत आपले औषध सुरू होते, तिसऱ्या महिन्यात सूज उतरते आणि यश आपल्या खाती जमा होते. उलट गोळी थांबविली तर व्याधी त्याच आठवड्यात उसळत नाही; काही आठवडे बरे जातात, आणि तेवढ्यात रुग्णाचा व आपलाही समज होतो की तिची गरज नव्हतीच. त्यानंतर संधींची जी हानी होते, ती पुढे कोणत्याही स्नेहाने वा गुग्गुळाने भरून निघत नाही. हे मी आयुर्वेदावरील अविश्वासाने लिहीत नाही. कोइमतूर येथे झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अज्ञात पद्धतीच्या अभ्यासात केवळ आयुर्वेद, केवळ मेथोट्रेक्झेट आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांत साधारण सारखाच लाभ दिसला होता. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण तो ४३ रुग्णांचा प्राथमिक अभ्यास होता, तेथे रुग्णांवर सतत देखरेख होती, आणि चालू गोळी बंद करावी असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. व्याधी दीर्घकाळ शांत राहिल्यास मात्रा उतरविता येते. ती टप्प्याटप्प्याने, रक्ततपासणीसह व मूळ चिकित्सकाच्या संमतीने उतरवावी.

स्त्रीरुग्णांबाबत विशेष दक्षता हवी. वंध्यत्वासाठी आपल्याकडे येणारी तरुणी संधिशूलाचा उल्लेख करीलच असे नाही आणि केला तरी ‘आठवड्याची गोळी’ तिला औषध वाटत नाही. मेथोट्रेक्झेट गर्भास घातक आहे, गर्भपात व गर्भविकृती दोन्ही संभवतात; गर्भधारणेपूर्वी पुरेसा काळ आधी ते थांबवावे लागते व त्याजागी दुसरे औषध योजावे लागते. उत्तरबस्ती व फलघृताची योजना करण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

रुग्ण मूळ डॉक्टरांपासून आपले औषध लपवितो आणि आपल्यापासून त्यांचे. यात दोष रुग्णाचा कमी व दोन्हीकडच्या चिकित्सकांच्या चढ्या सुराचा अधिक आहे. मी संधिवाततज्ज्ञांना रुग्णाच्या हाती चिठ्ठी देतो. तिच्यात मी देत असलेल्या कल्पांची घटकद्रव्यांसह नावे असतात. सर्वच उत्तर देतात असे नाही. पण ज्यांनी दिले त्यांच्या चिठ्ठ्यांमुळे रक्ताचे अहवाल आता माझ्यापर्यंतही येऊ लागले. आरंभी दोन ते चार आठवड्यांनी व स्थिरावल्यावर साधारण तीन महिन्यांनी रक्तकण, यकृत व वृक्क यांची तपासणी अपेक्षित असते. केसपेपरवर नाडी व जिव्हेच्या नोंदीखाली मी दोन ओळी राखल्या आहेत: गोळीचा वार, आणि शेवटच्या अहवालाची तारीख. वार मी रुग्णाच्या तोंडून वदवून घेतो व पट्टीवर मराठीत ‘फक्त सोमवार’ असे ठळक लिहून देतो. ज्यांना अक्षर लागत नाही त्यांना गावच्या आठवडेबाजाराचा दिवस नेमून द्यावा. तो सहसा कोणी विसरत नाही.