पोलिंग म्हणजे पाप नव्हे

माघी पौर्णिमेच्या दिवसांत दरेकसा स्टेशनवर कधी उतरलाय का? मुंबई-हावडा लाइनवरचं, गोंदिया जिल्ह्याच्या अगदी टोकाचं लहानसं स्टेशन. पुढं लगेच छत्तीसगड लागतं. एरवी इथं शांतता असते. पण कचारगडच्या यात्रेला कितीतरी राज्यांतून गोंडी समाजाची माणसं येतात आणि या एवढ्याशा फलाटाचा पार नूर बदलतो. भाच्याला घेऊन गेलो होतो. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्याच आठवड्यात त्याची वायवा होती. परतीच्या गाडीची वाट बघताना पठ्ठ्या पाठांतर करत बसला. "मामा, पोलिंगमध्ये सीपीयूचा वेळ वाया जातो, म्हणून इंटरप्ट केव्हाही चांगला. बरोबर ना?"

झालं, आमचं डोकं फिरलं!

हे उत्तर मीही दिलेलं आहे. तुम्हीही दिलं असेल. 8085 चे ट्रॅप, आरएसटी 7.5, 6.5, 5.5 आणि आयएनटीआर घोकायचे, 8259 ची आकृती काढायची, आणि शेवटी 'पोलिंग वाईट' हे वाक्य टाकून दोन मार्क घ्यायचे. मार्कांना माझी ना नाही. पण हेच वाक्य डोक्यात ठेवून माणूस नोकरीला लागतो, ड्रायव्हर लिहायला घेतो आणि कुठल्या तरी जुन्या ड्रायव्हरमधून इंटरप्टचा भाग जसाच्या तसा उचलतो. तिथून पुढं भोगतं कोण, तर तो ड्रायव्हर वापरणारा.

भाच्याला म्हटलं, ती तिकिटाची खिडकी बघ. एरवी आतला माणूस दुसरं काही काम करत असणार, कुणी "ओ साहेब" म्हटलं की उठून येणार. हा झाला इंटरप्ट. आज यात्रेच्या दिवशी त्याला प्रत्येक माणसानं हाक मारायची आणि त्यानं प्रत्येक वेळी उठून परत जाऊन बसायचं असं ठरवलं, तर एक तरी तिकीट फाटेल का? म्हणून आज तो खिडकीतून हलतच नाही. रांग संपली की मग उठेल. म्हणजे पोलिंगच की!

नेटवर्क कार्डांचं नेमकं हेच झालं होतं. सगळ्यात लहान पाकिटं घेतली तर 1 गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जवळपास 14.88 लाख पाकिटं येऊ शकतात, म्हणजे दर 672 नॅनोसेकंदाला एक. एक इंटरप्ट घ्यायचा, रजिस्टरं वाचायची, परत जायचं, यालाच मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. गणित तिथंच संपलं. मशीन फक्त इंटरप्ट घेत बसतं, आलेल्या पाकिटांवर पुढं काही कामच होत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली या अवस्थेवर पेपर लिहिला. तिला 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हणतात. पुढं लिनक्समध्ये एनएपीआय आलं. पहिल्या पाकिटाला इंटरप्ट घ्यायचा, लगेच कार्डाचा इंटरप्ट बंद करायचा आणि एका फेरीत बहुधा 64 पर्यंत पाकिटं पोलिंगनं उचलायची. त्याहून कमी सापडली, म्हणजे रांग संपली, तरच इंटरप्ट परत चालू. दरेकशाच्या खिडकीतला माणूस हे यात्रेत न शिकता करतो.

आता कुणी म्हणेल, ते जुनं झालं, आज एमएसआय-एक्स आहे, घ्या आणि मोकळे व्हा. ही दुसरी पोपटपंची. हिच्यावर माझा जास्त राग आहे, कारण हिच्या मुळाशी असलेली चूक मी स्वतः केलेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मोजमापाचं एक पीसीआय कार्ड होतं, मध्ये एक ब्रिज, आणि इंटरप्ट जुन्या पद्धतीचा, तारेचा. कार्ड डीएमएनं डेटा मेमरीत टाकायचं, स्टेटससुद्धा मेमरीतच लिहायचं आणि मग तार ओढायचं. मूळ हँडलर आधी कार्डावरचं एक रजिस्टर वाचायचा. मी हुशार! स्टेटस मेमरीत मिळतंय तर हे महागडं वाचन कशाला, म्हणून ती ओळ काढली. टेबलावर सगळं उत्तम चाललं. ग्राहकाकडे मात्र दिवसातून एखाद्या वेळी शेवटच्या बफरमध्ये आधीचेच आकडे दिसायला लागले. मोजमापाचे आकडे चुकीचे, आणि मशीन म्हणतंय सगळं ठीक! आम्ही काय केलं? 50 मायक्रोसेकंदांचा डिले टाकला. तक्रार थांबली आणि आम्ही चहा प्यायलो. काही महिन्यांनी वेगळ्या मदरबोर्डावर तेच दुखणं परत आलं.

कारण साधं होतं. तारेचा इंटरप्ट डेटाच्या रस्त्यानं येतच नाही. डेटा ब्रिजच्या बफरमध्ये अडकलेला असताना तार सीपीयूपर्यंत पोचलेली असते. कार्डावरचं रजिस्टर वाचलं की पीसीआयच्या क्रमाच्या नियमामुळं आधीचा डेटा मेमरीत पोचल्याशिवाय त्या वाचनाचं उत्तर येत नाही. मी काढलेली ओळ पहारेकऱ्याचं काम करत होती. एमएसआय हे मुळात मेमरीत केलेलं एक लिखाणच असतं, डेटाच्याच रस्त्यानं डेटाच्या मागून येणारं. तिथं ती ओळ खरंच लागत नाही. लिनक्समधला ब्रॉडकॉमच्या कार्डांचा टीजी3 ड्रायव्हर उघडून बघा. तारेसाठी वेगळा हँडलर आहे, एमएसआयसाठी वेगळा, आणि तारेच्या हँडलरमध्ये हेच कारण कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. तो मी तेव्हा वाचला असता तर... असो.

सांगायचा मुद्दा असा, की इंटरप्टची पद्धत ही नंतर बदलता येणारी सेटिंग नव्हे. हँडलर तिच्याप्रमाणं लिहावा लागतो. तार सामाईक असेल तर हा इंटरप्ट माझा आहे का हे आधी तपासायचं आणि नसेल तर तसं प्रामाणिकपणे सांगायचं. 1 लाखातले 99,900 पेक्षा जास्त इंटरप्ट कुणीच आपले म्हटले नाहीत, तर लिनक्स 'नोबडी केअर्ड' असं लिहून ती लाइनच बंद करतं, आणि त्याच तारेवरची शेजारची निरपराध कार्डंही बसतात. उलट एमएसआयला तारेसारखं धरून ठेवणं नसतं. एकदा आला आणि गेला. इंटरप्ट परत चालू करताना त्या फटीत काही येऊन गेलं का हे बघितलं नाही, तर ड्रायव्हर निवांत झोपून राहतो.

आणि एमएसआय-एक्सचे 2048 पर्यंत व्हेक्टर मिळू शकतात म्हणून मागायचे का? दर कोअरला स्वतःची रांग असलेली एनव्हीएमई डिस्क असेल तर जरूर मागा. सेकंदाला दहा वेळा बोलणाऱ्या कार्डाला एक पुष्कळ झाला. एक्स86 वर एका कोअरला सगळे मिळून 256 व्हेक्टर, त्यातले पहिले 32 सीपीयूनं स्वतःकडे ठेवलेले. उधळायला ते आपल्या बापाचे नाहीत. 2016 पासून लिनक्समध्ये कमीत कमी किती हवेत आणि जास्तीत जास्त किती, हे सांगून एकाच फंक्शननं मागता येतात. ते तीनही पद्धती ओळीनं करून बघतं. सोय झाली, पण मिळालं काय हे न बघता पुढं जाणारे ड्रायव्हर मी रिव्ह्यूमध्ये अजून बघतो.

मी रिव्ह्यूला बसलो की तीनच गोष्टी विचारतो. हे डिव्हाइस सेकंदाला किती वेळा बोलतं? त्याचं ऐकायला उशीर झाला तर कुणाचं काय बिघडतं? आणि डेटा आणि इंटरप्ट एकाच रस्त्यानं येतात का? 'आधीच्या ड्रायव्हरमध्ये असंच होतं' हे उत्तर आलं की पॅच परत. ऑफिसात त्यामुळं मी फारसा लोकप्रिय नाही.

गाडी आली, उभं राहायला जागा मिळाली. गोंदियापर्यंत भाच्याच्या प्रोजेक्टवर बोललो. आयटूसीवर तापमानाचा सेन्सर आहे. तापमान मिनिटामिनिटानं सरकतं, पण पठ्ठ्यानं त्याला इंटरप्टची पिन जोडून ठेवली होती, आणि हँडलरमध्येच आयटूसीचं वाचन, जिथं झोपायची परवानगीच नसते. बोर्ड अडकायचा तो त्यामुळंच. म्हटलं, पिन काढ, सेकंदाला एकदा वाच. "पण मामा, सर विचारतील ना, पोलिंग का केलं म्हणून!" वरचे तीन प्रश्न त्याला वहीत लिहून दिलेत. वायवा मंगळवारी आहे.