कॉफीचा कप आणि त्वचेचा कर्करोग

‘कॉफी प्या, त्वचेचा कर्करोग टाळा’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की आमच्यासारखे कॉफीबहाद्दर खूश होतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

2012 साली अमेरिकेत 1 लाख 12 हजारांहून जास्त परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. दिवसाला 3 कपांपेक्षा जास्त कॉफी घेणाऱ्या स्त्रियांत ‘बेसल सेल कार्सिनोमा’ सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळला, पुरुषांत साधारण त्याच्या निम्म्याने. कॅफिन काढलेल्या कॉफीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे रोख कॅफिनकडे.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशीतला डीएनए बिघडला की ‘एटीआर’ नावाचं प्रथिन पेशीला थांबवून दुरुस्तीला वेळ देतं. कॅफिन त्यालाच अडवतं, मग फार बिघडलेली पेशी मरून जाते. आमच्या भाषेत, सदोष प्रोसेसला पॅच मारत बसण्यापेक्षा ती बंद केलेली बरी! पुढे यकृत बहुतेक कॅफिनचं पॅराझँथिन करून टाकतं.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. शिवाय जास्त घातक मेलानोमाच्या बाबतीत या अभ्यासात कॉफीचा फायदा दिसलाच नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथे कुणाचं लक्ष जात नाही.

तेव्हा कॉफी चवीसाठी प्या. आणि आजी-आजोबांच्या तळपायावर नवा काळा डाग किंवा कुठेही बरी न होणारी जखम दिसली, तर मेसेज फॉरवर्ड करू नका, त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.